गोगलगाय, पोटात पाय आणि पालेभाजीची जुडी

जुलैमधली सकाळ. रात्रभर कोसळलेला पाऊस जरा थांबलेला असतो. बोरिवली पूर्वेतल्या किंवा मुलुंड पश्चिमेतल्या एखाद्या सोसायटीत, तळमजल्याच्या घरामागे केलेल्या वाफ्यात काल संध्याकाळपर्यंत मेथीची कोवळी रोपे उभी होती. आज त्यांच्या जागी नुसती देठे उरली आहेत. पालकाच्या पानांना मोठी भोके पडली आहेत, मिरचीचे रोप बुडाशी कुरतडलेले आहे आणि कुंडीपासून भिंतीपर्यंत एक चकाकणारा चिकट माग गेला आहे. माग काढत गेले की पाण्याच्या टाकीमागे, विटांच्या ढिगात किंवा कुंडीच्या बुडाशी चोर सापडतो. मुठीएवढा तपकिरी शंख पाठीवर घेऊन तो दिवसभर शांत झोपलेला असतो.

‘गोगलगाय, पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अगदी अचूक आहे. गोगलगायींच्या वर्गाचे शास्त्रीय नाव ‘गॅस्ट्रोपोडा’, म्हणजे उदरपाद. पोट हाच पाय असलेले हे प्राणी. म्हणीतला दुसरा अर्थही मुंबईच्या उपनगरांत दर पावसाळ्यात खरा ठरतो, कारण या संथ प्राण्यामुळे केवळ भाजीचे नुकसान होत नाही. त्याचा संबंध उंदरांशी, न धुतलेल्या पालेभाजीशी आणि क्वचित प्रसंगी माणसाच्या मेंदूशीही पोहोचतो.

आफ्रिकेतून कोलकात्याला

उपनगरांत पावसाळ्यात सर्वाधिक दिसणारी मोठी गोगलगाय मूळची आपल्याकडची नाही. तिला ‘आफ्रिकन महाकाय गोगलगाय’ म्हणतात आणि तिचे माहेर पूर्व आफ्रिका. तिथून ती मॉरिशसला पोहोचली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कोलकात्याला आणल्या. चौरंगी भागातल्या एका बागेत त्या सोडल्या गेल्या आणि पुढे रोपे, माती, लाकूड आणि माल यांच्या वाहतुकीबरोबर त्यांची संतती देशभर पसरली.

दोन गोगलगायींपासून इतका पसारा कसा झाला, याचे उत्तर त्यांच्या प्रजननात आहे. गोगलगाय उभयलिंगी असते. एकाच प्राण्याच्या शरीरात नर आणि मादी दोघांचीही इंद्रिये असतात. त्यामुळे मीलनानंतर दोघीही अंडी घालू शकतात. एका वेळी शंभर ते चारशे अंडी मातीत थोड्या खोलीवर घातली जातात. ती दिसायला पिवळसर साबुदाण्यासारखी असतात. पिल्ले साधारण सहा महिन्यांत प्रौढ होतात आणि पाच-सहा वर्षे जगू शकतात. खाण्याच्या बाबतीतही तिला फारशी आवडनिवड नाही. पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती ती खाते. शंख वाढवण्यासाठी तिला कॅल्शियम लागते, म्हणून चुन्याच्या भिंतीचा गिलावाही ती खरवडते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी परक्या प्रजातींची यादी केली, त्यात हिचा समावेश आहे.

उन्हाळ्यात ती कुठे जाते, असा प्रश्न अनेकांना पडतो. ती कुठेही जात नाही. भिंतीची फट, झाडाची ढोली किंवा मातीचा थर शोधून ती शंखात शिरते, तोंडावर पातळ पडदा धरते आणि महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. पहिला मोठा पाऊस झाला की पडदा मोडून बाहेर येते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ओलावा, सावली, झाडी, बांधकामाचा राडारोडा आणि ओला कचरा या सगळ्यांची सोय इथे एकाच ठिकाणी होते. राष्ट्रीय उद्यानाच्या दोन्ही अंगांना वसलेली बोरिवली आणि मुलुंड, तसेच अंधेरी, घाटकोपरमधली टेकड्यांलगतची वस्ती तिला मानवते ती यामुळेच.

तिच्याबरोबर आणखी एक पाहुणी दिसते. ती म्हणजे बिनशंखाची, चपटी, काळपट, चामड्यासारख्या पाठीची आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली गोगलगाय. ही ‘स्लग’ही मूळची आफ्रिकेतलीच. शंख नसल्यामुळे ती कुंडीखाली, फरशीच्या फटीत, इतकेच काय पालकाच्या जुडीतही सहज लपते. आरोग्याच्या दृष्टीने लक्ष ठेवायचे ते मोठ्या शंखवालीइतकेच या लपणाऱ्या बारक्या गोगलगायींवरही.

शेताने मोजलेली किंमत

उपनगरातल्या वाफ्यात गोगलगायीने मेथी खाल्ली तर फार तर चार जुड्यांचे नुकसान होते. शेतकऱ्यासाठी मात्र हीच गोष्ट पूर्ण हंगामाची असते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपे फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि अखेर राज्य सरकारला या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली. तेव्हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना जे उपाय सांगितले, त्यांतले बरेचसे घरच्या बागेतही जसेच्या तसे वापरता येतात. त्यातला पहिला उपाय म्हणजे हाताने वेचणे.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. १९६६ मध्ये अमेरिकेत हवाईहून मायामीला परतलेल्या एका मुलाने तीन गोगलगायी सोबत आणल्या. त्या घरच्या बागेत सोडल्या गेल्या आणि सात वर्षांत त्यांची संख्या सुमारे अठरा हजारांवर गेली. त्यांचा नायनाट करायला जवळपास दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर लागले. २०११ मध्ये त्या फ्लोरिडात पुन्हा सापडल्या. यावेळी दहा वर्षांच्या मोहिमेत १ लाख ६८ हजारांहून अधिक गोगलगायी गोळा झाल्या. २०२१ मध्ये त्यांचा बंदोबस्त झाल्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्याच्या दुसऱ्या भागात त्या परत दिसल्या. मोकळ्या जमिनीवर एकदा बस्तान बसले की या प्राण्याला कायमचे हटवणे किती अवघड असते, हे यावरून कळते. मुंबईत तिला नामशेष करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या आवारातली संख्या आटोक्यात ठेवणे मात्र शक्य आहे.

उंदीर, गोगलगाय आणि माणूस

आता आरोग्याचा मुद्दा. उंदरांच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहणारा दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा, धाग्यासारखा एक कृमी आहे. त्याला ‘रॅट लंगवर्म’, म्हणजे उंदराच्या फुप्फुसातला कृमी म्हणतात. १९३५ मध्ये चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत तो प्रथम नोंदवला गेला. त्याचे जीवनचक्र असे : कृमीच्या सूक्ष्म अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते किंवा त्यांवरून सरपटते आणि अळ्या तिच्या शरीरात शिरतात. तिथे दोन-तीन आठवड्यांत त्या पुढच्या अवस्थेत जातात. अशी गोगलगाय उंदराने खाल्ली की अळ्या त्याच्या मेंदूत जातात, तिथे वाढतात आणि मग फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत परततात. चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ली, किंवा सॅलडच्या पानात दडलेली बारीकशी स्लग नकळत पोटात गेली, तर अळ्या माणसाच्याही मेंदूकडे जातात. पण माणूस त्यांचा योग्य यजमान नाही. त्या तिथेच अडकतात आणि मरतात. त्यांच्याविरुद्ध शरीराची जी प्रतिक्रिया उठते, तिच्यामुळे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी पाठीच्या कण्यातल्या द्रवात वाढलेल्या दिसतात, म्हणून या आजाराला ‘इओसिनोफिलिक मेनिंजायटिस’ म्हणतात. लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या, अंगाला मुंग्या येणे किंवा नुसत्या स्पर्शानेही त्वचा दुखणे ही त्यातली प्रमुख. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. थोड्यांना मात्र कायमची इजा होते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका तरुणाने २०१० मध्ये मित्रांच्या पैजेपायी स्लग गिळली. तो दीर्घकाळ कोमात गेला, पुढे अपंगत्वाशी झुंजला आणि २०१८ मध्ये त्याचे निधन झाले.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल, तर मुंबईचा दाखला आहे. प्लेगच्या साथीतून उभ्या राहिलेल्या परळच्या हाफकिन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात शहरातल्या उंदरांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात हा कृमी आढळला. बृहन्मुंबईत उंदरांखेरीज त्याचे आणखी कोणकोणते यजमान आहेत, याचाही त्यांनी अभ्यास केला. दक्षिण भारतातील डॉक्टरांनी २००६ मध्ये या प्रकारच्या मेंदूदाहाचे दहा रुग्ण नोंदवले. त्यातल्या काहींनी घोरपडीचे कच्चे मांस खाल्ले होते, कारण गोगलगाय खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरातही या अळ्या तग धरू शकतात. थोडक्यात, चक्राचे सगळे दुवे आपल्याकडे आहेत.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. हा आजार दुर्मीळ आहे. मुंबईकराला तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती यापेक्षा कितीतरी अधिक आहे. मात्र दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे उंदीर. शिवाय आपल्याकडे पालेभाजी बहुतेक वेळा शिजवून खाल्ली जाते आणि शिजवल्यावर या अळ्या मरतात. धोका राहतो तो कच्च्या खाण्यात. कोथिंबीर, पुदिना, कोबी, लेट्यूस, कांद्याची पात, चटणी, सँडविच, सॅलड आणि गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेले हिरव्या पानांचे कच्चे रस, हे सगळे त्यात येते. घरच्या कुंडीतली पाने ‘औषध न मारलेली, ताजी’ म्हणून न धुताच तोंडात टाकण्याची सवय अनेकांना असते. रसायनांचा धोका तिथे नसेल, पण गोगलगायीचा असतो.

स्वयंपाकघरात काय करावे

पावसाळ्यात पालेभाजीची जुडी आधी सोडावी. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत आणि आतली सुटी करून धुवावीत. गोगलगायीने कुरतडलेला किंवा चिकट माग लागलेला भाग कच्चा खाऊ नये. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवली की गोगलगायी आणि किडे सुटून येतात, हे खरे. पण तेवढ्याने अळ्या हमखास मरतात असे समजू नये. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे नीट शिजवणे. पूर्ण उकळी येऊन तीन-चार मिनिटे गेली तरी पुरते. काही घरांत श्रावणात पालेभाजी टाळण्याची रीत आहे. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी पालेभाजी सोडण्याची गरज नाही. या चार महिन्यांत ती कच्ची खाण्याऐवजी शिजवून खाल्ली म्हणजे झाले.

लहान मुलांना गोगलगायीचे मोठे कुतूहल असते. ती हातावर चालवून बघण्याची हौसही असते. त्यांना रागावण्यापेक्षा लांबून बघायला शिकवावे आणि हात लागलाच तर लगेच साबणाने धुवायला लावावेत. पैजेखातर किंवा घरगुती औषध म्हणून कच्ची गोगलगाय कधीही खाऊ नये. पावसाळ्यात मान ताठणे आणि असह्य डोकेदुखी अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे आणि कच्चे काय खाल्ले होते, तेही आवर्जून सांगावे. निदानाला त्याची मदत होते.

वाफ्यात काय करावे

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत साधा आहे. पाऊस उघडल्यावर रात्री आठ-नऊच्या सुमारास हातमोजे घालून, टॉर्च घेऊन बागेत जावे आणि दिसतील तेवढ्या गोगलगायी वेचाव्यात. दिवसा वेचायच्या तर आदल्या संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट किंवा पपईची साले वाफ्याच्या कडेला ठेवावीत. गोगलगायी रात्री तिथे जमतात आणि सकाळी एकत्र सापडतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात, झाकण लावून रात्रभर ठेवाव्यात आणि नंतर खड्ड्यात पुराव्यात. हे पाणी वाफ्यात ओतू नये. पायाखाली चिरडणे टाळावे, कारण त्याने परिसर घाण होतो आणि अंगातली अंडी मातीत पडू शकतात. कुंडीतली माती उकरून साबुदाण्यासारखी अंडी सापडली तर तीही नष्ट करावीत.

हे काम एकट्याने करून भागत नाही. एका घराने वाफा साफ ठेवला आणि शेजारच्या भिंतीलगत राडारोडा तसाच राहिला, तर आठवडाभरात पाहुण्या परत येतात. म्हणून सोसायटीने मे महिन्यातच, पाऊस येण्याआधी, विटा, तुटक्या कुंड्या, फरश्यांचे तुकडे आणि पालापाचोळ्याचे ढीग हलवावेत. झोपलेल्या गोगलगायी तेव्हाच सापडतात आणि जूनमध्ये त्या अंडी घालण्याच्या आतच संख्या कमी होते. ओला कचरा झाकून ठेवल्याने गोगलगायींचे खाद्य कमी होते आणि उंदरांचेही. बागेला पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती तुलनेने कोरडी राहते. रोपे थोडी मोठी होईपर्यंत उंचावर वाढवून मग वाफ्यात लावावीत.

लोकप्रिय असलेले काही उपाय मात्र फारसे उपयोगी नाहीत. अंड्यांची टरफले पसरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफले, तांब्याची पट्टी, खडी, झाडाच्या सालीचे तुकडे आणि लोकरीच्या गोळ्या यांची चाचणी घेतली. यांपैकी कशानेही रोपांचे नुकसान कमी झाले नाही. चुन्याची रेघ कोरड्या दिवसांत काही काळ काम करते, पण मुंबईच्या पहिल्याच सरीत ती वाहून जाते. थेट मातीत मीठ टाकले तर गोगलगाय मरते आणि तिच्याबरोबर रोपही.

गोळ्यांचे आमिष टाकताना सावधान

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या हे गोगलगायींवरचे प्रचलित विष. शेतात त्यांची शिफारस होते, पण सोसायटीच्या आवारात त्या वापरताना दहा वेळा विचार करावा. गोगलगायींना आकर्षित करण्यासाठी त्यांत धान्याचा कोंडा असतो आणि तो कुत्र्या-मांजरांनाही आवडतो. गोळ्या खाल्लेल्या कुत्र्याला काही तासांतच थरथर आणि झटके येतात. त्यावर नेमका उतारा नाही, त्यामुळे वेळ न दवडता पशुवैद्याकडे नेणे एवढेच हाती उरते. रांगणाऱ्या मुलांनाही हा धोका आहेच. ग्रेट ब्रिटनने वन्यजीवांना होणाऱ्या अपायामुळे मार्च २०२२ अखेर मोकळ्या जागेत या विषाच्या वापरावर बंदी घातली. चार कुंड्यांच्या बागेसाठी टॉर्च आणि बादली पुरेशी आहे.

एका गोगलगायीला मारायला दुसरी आणण्याचा प्रयोगही झाला आहे. हवाईत १९५५ मध्ये महाकाय गोगलगायींचा फडशा पाडण्यासाठी अमेरिकेतली एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने मोठ्या गोगलगायींपेक्षा तिथल्या स्थानिक, दुर्मीळ गोगलगायीच अधिक खाल्ल्या.

आपल्याही गोगलगायी आहेत

म्हणूनच दिसेल ती गोगलगाय मारू नये. सह्याद्रीत जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जगात अन्यत्र कुठेही सापडत नाहीत. त्यांतल्या अनेक आकाराने लहान असतात. कित्येकींचा शंख पातळ, चकचकीत आणि गोलसर चपटा असतो. कुजलेली पाने खाऊन त्या माती घडवतात, तर पक्ष्यांना त्यांच्या शंखातून कॅल्शियम मिळते. परकी गोगलगाय ओळखणे सोपे आहे. तिचा शंख लांबट, शंकूसारखा निमुळता, तपकिरी आणि उभ्या गडद पट्ट्यांचा असतो. तिची वाढही अंगठ्यापेक्षा बरीच मोठी होते. राष्ट्रीय उद्यानात किंवा आरेच्या झाडीत फिरायला गेल्यावर तिथल्या गोगलगायी उचलून घरी आणू नयेत आणि घरच्या तिथे सोडूही नयेत.

निसर्गाने या कामावर नेमलेले पहारेकरी आपल्या आसपास आहेतच. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात. बेडकांना बारक्या स्लग चालतात आणि तांबूस पंखांचा भारद्वाज मोठ्या गोगलगायींचाही समाचार घेतो. विष पसरले की पहिला फटका यांनाच बसतो. उलट थोडी झाडी, थोडा अंधार आणि विषमुक्त माती राखली, तर हे पहारेकरी टिकून राहतात. बाकीचे काम आपण करायचे आहे. मे महिन्यात राडारोडा हलवायचा, पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारायची आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर मेथीची जुडी सोडून पान अन्‌ पान धुवायचे. तेवढ्याने वाफा वाचतो आणि ताटही सुरक्षित राहते.